बारा पाहुण्या

आमच्या सातबाई आता पॅकिंगला असतात. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला एक बारीक अक्षरांचा कागद असतो बघा, जो कुणी म्हणजे कुणी वाचत नाही, तो खोक्यात सरकवायचं काम त्या दिवसभर करतात. लोक म्हणतात, बाईंनी आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेतला. असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आमच्या खोलीत नेऊन दिव्याखाली बसवणार आहे. फक्त एक तास. मग काय बोलायचं ते बोला म्हणावं.

खोलीत आठ खुर्च्या आहेत आणि बायकांना खुर्चीच्या नंबरानेच हाक मारतात. त्या सात नंबरवर बसायच्या म्हणून सातबाई. मी आठ नंबर, त्यांच्या शेजारी अकरा वर्षं बसले. मला कुणी आठबाई म्हणत नाही, कारण माझ्या नाकावर राग असतो आणि मला बाई म्हणावंसं कुणाला वाटत नाही.

काम असं. इंजेक्शनच्या औषधाच्या काचेच्या कुप्या भरून, टोपण दाबून आमच्याकडे येतात. आम्ही त्यांना बाटल्याच म्हणतो. प्रत्येकीसमोर दोन पाट्या, एक काळी आणि एक पांढरी, आणि डोक्यावर पांढराफटक दिवा. बाटली मानेला धरायची, हलकेच उलटी करून फिरवायची, पण फेस येऊ द्यायचा नाही. पाच सेकंद काळ्यापुढे, पाच सेकंद पांढऱ्यापुढे. काचेचा कण किंवा कापसाचा तंतू काळ्यावर दिसतो, केस किंवा जळका ठिपका पांढऱ्यावर. बुडबुडा वर जातो, कचरा खाली बसतो. ट्रे संपला की चिठ्ठीवर आपली सही. वीस मिनिटं झाली की उठायचं आणि दहा मिनिटं खिडकीतून लांबचं काहीतरी बघायचं. लांबचं म्हणजे समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी. ती टाकी मला माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त पाठ आहे.

सातबाई बौद्ध होत्या. आईबापांपासूनच्या. पण ध्यानाला बसायला लागल्या त्या पस्तिशीनंतर, सासरे अंथरुणाला खिळले होते त्या वर्षी. रोज सकाळी कामाला निघण्याआधी अर्धा तास. हे आम्हाला कळलं आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांची उलटतपासणी सुरू झाली. सगळ्यात पुढे मी. मला वाटायचं, ध्यान करणारं माणूस कसं गुळगुळीत बोलणार, आपण जरा टोचून बघू.

"तुम्ही देव मानत नाही ना? मग घरात मूर्तीपुढे हात कशाला जोडता?"

"शाळेतल्या बाई रस्त्यात भेटल्या तर हात जोडतेस की नाही? त्यांच्याकडे काही मागतेस का?"

"आमच्या शाळेतल्या बाई भेटल्या तर मी गल्ली बदलते."

"मग तुझं तूच बघ."

दुसऱ्या दिवशी तीन नंबरने विचारलं, ध्यानात मन अगदी रिकामं होतं का हो? सातबाई डब्यावरचं झाकण लावत म्हणाल्या, "डोंबलाचं रिकामं. बसल्याबरोबर सगळी गर्दी तिथेच जमते. सून काय बोलली, गॅस संपत आलाय, या आठ नंबरने काल मला काय टोमणा मारला. मी श्वास बघत बसते, मन पळून जातं, परत आणते, परत पळतं. अर्ध्या तासात चाळीस वेळा आणत असेन. ते आणणं हेच ध्यान आहे. मन पळालंच नाही, असं कुणी सांगितलं तर समज की झोपला होता."

मांडी घालायलाच लागते का? नाही. त्यांचे गुडघे गेले होते, त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायच्या. राग येत नाही का? येतो, पण येताना दिसतो, त्यामुळे कधी कधी दार लावायला वेळ मिळतो. मेल्यावर परत जन्म? "माहीत नाही. मी जे बघितलेलं नाही त्यावर सही करत नाही." झुरळं मारता का? या प्रश्नावर मला वाटलं, आता सापडल्या. त्या म्हणाल्या, "मारते. आणि मारलं की मोडलं म्हणते. पाच शीलं आहेत. जीव घेऊ नये, न दिलेलं घेऊ नये, नात्यात बदफैली करू नये, खोटं बोलू नये, नशा करू नये. ती रोज सकाळी नव्याने घ्यायची असतात. का घ्यायची रोज? कारण रोज मोडतात. एकदा घेऊन जन्मभर टिकली असती तर दागिना म्हणून घातली असती."

एकदा पाच नंबर म्हणाली, "तुमच्यात इच्छा वाईट म्हणतात ना? मग पगारवाढीच्या अर्जावर सगळ्यात वर सही तुमची कशी?"

बाई उठून उभ्याच राहिल्या. "इच्छा वाईट असं कुणी सांगितलं तुला? हव्यासाने जळू नका, असं आहे ते. पोटापुरतं आणि मानापुरतं मागणं हा हव्यास? मग मालकाचं काय चाललंय ते काय आहे? आणि सगळं दुःखच आहे असंही आम्ही म्हणत नाही. दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण काढलं की ते जातं, आणि काढायचा रस्ता आहे. तुम्ही लोक पहिलं वाक्य ऐकता आणि चपला घालून निघता."

तेव्हापासून मला त्या आवडायला लागल्या. तसं मी त्यांना कधी सांगितलं नाही.

आता पाहुण्यांचं सांगते, कारण सगळं रामायण तिथूनच घडलं. आम्ही जाग्या आहोत की नाही हे तपासायला अधूनमधून आमच्या ट्रेमध्ये मुद्दाम बारा खराब बाटल्या मिसळायचे. एकीत केस, एकीत काचेची कणी, एकीत तंतू. त्यांना आम्ही पाहुण्या म्हणायचो. बाराच्या बारा शोधून बाजूला काढल्या तर शाबासकी. सातच्या खाली काढल्या तर खुर्ची गेली, मग ती चाचणी कितीही मिनिटांची असो. पाहुण्या वेगळ्या कपाटात कुलपात असायच्या आणि त्यांच्यावरचा नंबर साध्या डोळ्यांना दिसत नसे. व्यवस्था अगदी चोख होती. फक्त एक घोटाळा होता. चार वर्षं त्याच बारा पाहुण्या येत होत्या.

चार वर्षं एकाच बाईने तुमच्या घरी पाहुणी म्हणून यायचं आणि तुम्ही तिला ओळखायचं नाही, असं होतं का? हाताळून हाताळून त्यांच्या टोपणांची चकाकी गेली होती. एकीच्या खांद्याला चरा होता, तिला आम्ही कुबडी म्हणायचो. एकीच्या टोपणावरचा रंग उडाला होता, ती टकली. एक म्हातारी, एक चिकटी, दोघी जावा. ट्रेमध्ये टकली आली की दोन नंबर हळूच खोकायची आणि सगळी खोली गालातल्या गालात हसायची. सातबाईसुद्धा हसायच्या. यात काही वावगं आहे असं आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

मग नवे मॅनेजर आले. मोठ्या गिऱ्हाईक कंपनीचं काम येणार होतं, बाटल्या दुप्पट होणार होत्या, आणि साहेबांना आमची ती दहा मिनिटं डोळ्यांत खुपायला लागली. वीस मिनिटांनी उठायचं ते तासाने उठा, म्हणाले. आम्ही कुरकुर केली तेव्हा त्यांनी एक प्रशिक्षक आणला. पांढरे कपडे, हातात छोटी घंटा, आवाज इतका मऊ की पुढे वाकून ऐकावं लागे. त्याचं नाव आम्ही पहिल्या पाच मिनिटांत मऊसाहेब ठेवलं.

मऊसाहेब म्हणाले, "डोळे जळतायत? जळू द्या. फक्त पाहा. प्रतिक्रिया देऊ नका. ही संवेदनासुद्धा जाणार आहे."

सातबाईंनी हात वर केला. "पायाखाली निखारा असला तर?"

"तरीही शांतपणे पाहायचं, ताई."

"पाहिलं. अगदी शांतपणे पाहिलं. निखाराच आहे. आता पाय उचलू की नको?"

आम्ही फिस्सकन हसलो. मऊसाहेबांनी घंटा वाजवली. बाई थांबल्या नाहीत. "मी एकोणीस वर्षं ध्यान करते. दुःख बघा आणि गप्प बसा, असं बुद्धाने सांगितलं नाही. कारण शोधा म्हणाला. आमचं कारण सापडलंय. ते आमच्या डोक्यावर लटकतंय आणि त्याचं बटण मॅनेजरसाहेबांकडे आहे."

त्यांना वाटलं, आपण जिंकलो. मलाही वाटलं. पण मॅनेजर महाबिलंदर. त्याच्या कानात एवढंच शिरलं, की एकोणीस वर्षं ध्यान करणारी बाई आपल्याकडे आहे आणि चार वर्षं तिच्या पाहुण्या बाराच्या बारा निघतात. तिसऱ्या दिवशी सातबाईंचा फोटो दारावर लागला. खाली लिहिलं होतं, शांत मन, तीक्ष्ण नजर. बाईंनी तो काढायला सांगितला. कुणी काढला नाही.

मग आठवडाभर तासाची चाचणी झाली. साठ मिनिटं सलग बसवलं आणि शेवटच्या दहा मिनिटांत पाहुण्या सोडल्या. आठही जणींनी बाराच्या बारा काढल्या. तुम्ही म्हणाल, मुद्दाम कमी काढायच्या होत्या ना! सोपं आहे म्हणायला. सातच्या खाली गेलं की खुर्ची जाते आणि नेमक्या आठ-नऊ काढून थांबायचं तर बाकीच्या सात जणींनीही तेवढ्याच काढल्या पाहिजेत. कोण कुणावर विश्वास ठेवणार? शिवाय खरं सांगते, टकली समोर आली की हात आपोआप जायचा. तासाचा नियम लागू झाला. दुपारपर्यंत माझ्या डोळ्यांत वाळू भरल्यासारखी व्हायची आणि घरी गेल्यावर पोरीच्या वहीतली अक्षरं पोहायची.

दोन आठवड्यांनी, कपडे बदलायच्या खोलीत, सातबाईंनी माझा दंड धरला.

"आज पन्नासाव्या मिनिटाला म्हातारी आली. माझ्या हाताने तिला बाजूला काढलं. मी परत उचलली आणि दोन्ही पाट्यांपुढे धरली. त्यात तंतू आहे हे मला माहीत आहे. मला दिसला नाही."

"मग? काढलीत ना बाजूला?"

"अगं, मी टोपण काढलं बाजूला. तंतू नाही. चार वर्षं मला वाटायचं, आधी दिसतं आणि मग ओळख पटते. उलटं आहे. आपल्याला दिसत नाही, आठ नंबर. आपल्याला फक्त ओळखू येतं. आणि त्या ओळखीवर हा तास उभा आहे."

मला ते पटलं. आणि पटलं म्हणूनच मी भडकले. "हे बोलायचं नाही. कुणाशीसुद्धा बोलायचं नाही."

त्या माझा दंड सोडून, पिशवी उचलून निघाल्या. पुढच्या आठवड्यात गिऱ्हाईक कंपनीची तपासनीस येणार होती आणि सात नंबरची खुर्ची तिला खास दाखवायची, असं ठरलं होतं. म्हणून मी त्या रविवारी सकाळी बाईंच्या घरी जाऊन थडकले.

दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन, त्यावर नातीचं दप्तर, कोपऱ्यात फळीवर वीतभर बुद्धमूर्ती आणि तिच्यापुढे ती प्लास्टिकची खुर्ची. बाई तिच्यावर डोळे मिटून बसल्या होत्या. नात त्यांच्या पायाशी क्रेयॉनने फरशी रंगवत होती आणि आत कुकर ओरडत होता. त्यांच्या यजमानांनी मला खुणेने बसवलं आणि कुजबुजत म्हणाले, "ध्यान करते म्हणून शांत आहे असं समजू नका. उठली की दुप्पट भांडते."

त्या उठल्या. मी प्रस्तावनाच केली नाही. "तुमचं शील तुमच्यापाशी ठेवा. तुम्ही तोंड उघडलंत तर आठही जणींची चार वर्षं खोटी ठरतील. सहा नंबरचा नवरा घरी बसलाय. दोन नंबर एकटी दोन पोरं वाढवते. तुमचं पुण्य आमच्या पोटावर कशाला?"

"पुण्याचा काय संबंध? मी स्वर्गात जागा धरून ठेवलेली नाही."

"मग कशाला?"

"मी रोज शंभरदा सही करते. बघितलं, असं लिहून. नाही बघितलेलं मी."

"सगळेच करतात."

"ज्याच्या दंडात ती बाटली जाणार आहे, त्याला विचारलंय का कुणी?" त्यांचा आवाज चढला. नातीने रंगवणं थांबवलं. "आणि मला काय वाटतं ते विचारशील? मला भीती वाटते. आज सकाळी अर्धा तास दुसरं काहीच दिसलं नाही. श्वास नाही नि काही नाही. नुसती भीती. छप्पन्न वर्षांच्या बाईला दुसरी नोकरी कोण देणार?"

"तेच म्हणते मी!"

"बघितली मी ती भीती. नीट बघितली. ती आहे. पण तासाचा नियमही आहे, आणि तो माझा फोटो लावून चालवलाय. माझ्या ध्यानाला त्यांनी तुमच्या मानेवरचं जोखड केलं. हे मी होऊ देणार नाही. तुझं नाव घेणार नाही मी. कुणाचंच घेणार नाही. माझं मी सांगेन."

मी चहाला हात न लावता निघून आले. जिना उतरताना त्यांना मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या, त्या इथे लिहिता येणार नाहीत.

तपासनीस आली. किडकिडीत बाई, केस पिकलेले, गळ्यात चष्मा. मॅनेजरसाहेब तिला फोटोपाशी घेऊन गेले, मग सात नंबरपाशी. "या आमच्या ध्यानवाल्या ताई. साठाव्या मिनिटालासुद्धा बारापैकी बारा. एकाग्रता!" ट्रे तयार होता, पाहुण्या मिसळलेल्या.

तपासनीस म्हणाली, "साठाव्या मिनिटाला? मी पंचवीस वर्षं हे काम बघतेय. कसं जमतं तुम्हाला?"

खोलीत आठ दिव्यांची घूं घूं ऐकू येत होती. सातबाई म्हणाल्या, "दिवा बंद करा."

"काय?"

"माझा दिवा बंद करा. पाट्यापण काढा."

मॅनेजर हसून म्हणाले, "अहो ताई, हे काय आता." पण तपासनीसने स्वतः हात घालून बटण दाबलं. सातबाईंनी ट्रे पुढे ओढला. एकही बाटली त्यांनी उलटी केली नाही, फिरवली नाही, डोळ्यांसमोर धरली नाही. बोटांनी टोपणांवरून चाचपत गेल्या आणि एकेक बाहेर काढून ठेवली. म्हातारी, कुबडी, चिकटी, दोघी जावा. दोन मिनिटांत बारा बाटल्या टेबलावर रांगेत उभ्या होत्या.

"या मला दिसत नाहीत, ओळखू येतात," बाई म्हणाल्या. "चार वर्षं ओळखीच्या आहेत. माझी चूक आहे, मी आधी सांगायला हवं होतं. आता नव्या आणा, अनोळखी. आणि मग बघा साठाव्या मिनिटाला काय होतं ते. ध्यानाने डोळे बदलत नाहीत. ध्यानाने मला एवढंच कळलं की मला दिसत नाहीये."

माझ्या अंगाची लाही लाही झाली होती आणि त्याच वेळी मला उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. दोन्ही एकदम होऊ शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

तपासनीसने आम्हाला कुणाला काही विचारलं नाही. तिने नव्या बारा पाहुण्या मागवल्या आणि नवी चाचणी लावली. आधी वीस मिनिटांची, मग तासाची. तासाच्या चाचणीत खोलीची सरासरी दहा आली तर तास राहणार, दहाच्या खाली आली तर वीस मिनिटं परत. सातच्या खाली आलेल्याची खुर्ची जाणार, हा जुना नियम तसाच.

वीस मिनिटांच्या चाचणीत सगळ्यांना अकरा-बारा मिळाल्या. सातबाईंना अकरा. नव्याकोऱ्या, कधी न पाहिलेल्या बाटल्यांतून अकरा! छप्पन्नाव्या वर्षी! हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे लोक म्हणत सुटले की बाईंचे डोळेच गेले होते.

तासाच्या चाचणीच्या आदल्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी त्यांना बोलावलं. मला बरोबर यायला सांगितलं बाईंनी, साक्षीला म्हणून. साहेबांचा आवाज मऊसाहेबांपेक्षा मऊ झाला होता.

"ताई, तुमची सेवा मोठी आहे. तुम्हाला तासाच्या चाचणीतून सूट देतो. वयाचं कारण लिहू. तुमची खुर्ची कायम, विषय संपला."

मला वाटलं, सुटलो! मी खरंच तसं वाटून घेतलं. बाई मात्र खिडकीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे सरासरी सात जणींची निघणार. त्या सगळ्या माझ्यापेक्षा लहान. मी बसले नाही तर दहा येतील, असं तुम्ही मोजलंय."

साहेब टेबलावरचे कागद सारखे करायला लागले.

"खोलीत आठ खुर्च्या आहेत, साहेब. आठ जणी बसतील."

बाहेर आल्यावर मी त्यांना अडवलं. म्हटलं, "बाई, तुम्हाला तासाला दिसत नाही हे तुम्हीच सांगितलंय. सातच्या खाली जाल. खुर्ची जाईल."

"जाईल बहुतेक."

"मग सूट घ्या ना! हात जोडते."

"तू हात जोडतेस?" त्या हसल्या. "गल्ली बदलायची सोडून?" आणि मग हसू गेलं. "मला वाईट वाटतंय गं. ही खुर्ची मला फार आवडते. पण मी सूट घेऊन तुम्हाला तासाला बांधून ठेवलं, तर सकाळी डोळे मिटून मी काय बघू?"

चाचणी झाली. साठ मिनिटं. पन्नासाव्या मिनिटानंतर माझ्यासमोरची पांढरी पाटी हलायला लागली. शेजारी सातबाईंच्या डोळ्यांतून सरळ पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या, कारण पुसण्यात बाटलीचे पाच सेकंद गेले असते. एकही बाटली त्यांनी घाईने ठेवली नाही. हे मी शपथेवर सांगेन.

निकाल तिथेच वाचला. आम्हा सात जणींची सरासरी दहाच्या किंचित वर. साहेबांचं गणित चुकलेलं नव्हतं. मग सातबाईंचा कागद. बारापैकी चार.

आठ जणींची सरासरी साडेनऊच्याही खाली गेली. तासाचा नियम तिथल्या तिथे रद्द झाला. आणि त्याच कागदाने सात नंबरची खुर्ची गेली.

मॅनेजरसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण ते खुर्चीवरचे साहेब. शेवटचा वार केल्याशिवाय कसे सोडतील? कागद पुढे सरकवून म्हणाले, "एकोणीस वर्षांचं ध्यान, आणि चार? शेऱ्यात काहीतरी कारण लिहा. तब्येत, सर्दी, काहीही. नाहीतर फार वाईट दिसतं."

कारण सगळ्यांनीच लिहिलं होतं. माझ्या नऊ आल्या होत्या आणि माझ्या कागदावर मी लिहिलं होतं, डोळ्याला संसर्ग झाला होता. कसला संसर्ग आणि कसलं काय!

सातबाईंनी पेन घेतलं. चष्मा चढवला, ओल्या डोळ्यांवर तो धुरकट झाला, पुसला, परत चढवला. शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द लिहिले आणि खाली सही केली. तपासनीसने कागद उचलून मोठ्याने वाचला.

"दिसलं नाही."

बाईंनी खुर्ची आत सरकवली आणि पाट्यांवरची धूळ पुसली.

मी उठले. मी साहेबांच्या हाताखालून माझा कागद ओढून घेतला, संसर्गावर काट मारली आणि त्याच्या शेजारी लिहिलं, दिसलं नाही. साहेब म्हणाले, "अहो, तुमचं तर पास झालंय, तुम्हाला काय गरज?" मी म्हटलं, "तीन दिसल्या नाहीत. त्या कुणाच्या तरी दंडात गेल्या असत्या."

मग सहा नंबरनेही तिचा कागद मागितला.